जुन्या फोर व्हील पिकअपची लिफ्ट: आधी हरवलेली उंची, मग वाढीव इंच

पाट्यांच्या जुन्या फोर व्हील पिकअपला (पाटे म्हणजे लीफ स्प्रिंग) लिफ्ट द्यायची, म्हणजे चासी अ‍ॅक्सलपासून आणखी उंच करायची म्हटलं की गॅरेजमध्ये पहिला प्रश्न येतो, "किती इंच उचलायची?" या प्रश्नाचं उत्तर आम्ही सगळ्यात शेवटी दिलं. आधी टेप काढली. गाडी सपाट काँक्रीटवर उभी केली, चारही टायरमध्ये हवा सारखी करून घेतली, हौद्यात नेहमी असतो तेवढा माल ठेवला, चालकाच्या सीटवर माणूस बसवला आणि मापं घेतली. गाडी महिंद्राची, जीपच्या घराण्यातली: पुढे अखंड अ‍ॅक्सल, मागे अखंड अ‍ॅक्सल, चारही बाजूंना पाटे. हे घराणं मुंबईला नवीन नाही. 1940 च्या दशकाच्या अखेरीस माझगावात विलीज जीप जोडायला सुरुवात झाली, आणि आजही कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे तिचे बुश, क्रॉस, शॅकल मागितले की दुकानदाराला समजावून सांगावं लागत नाही.

माप मडगार्डपासून घेऊ नये. जुन्या गाडीत बॉडीखालचे रबर चेपलेले असतात, मडगार्ड दोन-चारदा ठोकून सरळ केलेलं असतं, त्यामुळे तिथला आकडा पाट्याबद्दल काहीच सांगत नाही. अ‍ॅक्सलच्या नळीच्या माथ्यापासून चासीच्या खालच्या कडेपर्यंत सरळ उभं माप घ्यावं, आणि शेजारीच बंप स्टॉपचं रबर (अ‍ॅक्सल चासीवर आपटू नये म्हणून असतं ते) आणि अ‍ॅक्सल यांच्यातली फट मोजावी. आमच्या गाडीत पुढचा उजवा कोपरा डाव्यापेक्षा 22 मि.मी. खाली होता. उजवीकडे चालक कायम बसलेला, त्यामुळे तो पाटा आधी बसतो. पण डावाही काही मूळ उंचीवर नव्हता. ते कळायला कंपनीच्या मापाचा नवा पाटा आणि उतरवलेला जुना पाटा शेजारी शेजारी उलटे ठेवले, दोन्ही टोकांच्या बुशांच्या मध्यातून दोरा ताणला आणि दोऱ्यापासून मेन पाट्यापर्यंतची खोली मोजली. ही खोली म्हणजे पाट्याची कमान, कँबर. जुन्याची कँबर नव्यापेक्षा दीड इंचाहून कमी भरली. म्हणजे 'दोन इंची लिफ्ट' म्हणून जे मागितलं जातं, त्यातला मोठा भाग हा गाडीचाच हरवलेला वाटा असतो. ही उंची परत मिळवायला प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलला ताकद नेणारा फिरता दांडा), स्टीअरिंग, ब्रेक पाइप यांतलं काहीही बदलावं लागत नाही, कारण गाडी त्या उंचीसाठीच बनलेली असते. लिफ्टचा सगळा हिशोब त्या मूळ रेषेपासून वर मोजायचा, आजच्या बसलेल्या उंचीपासून नाही. बसलेल्या उंचीपासून मोजून चार इंचांचं सामान मागवणारे बरेच दिसतात, आणि मग नवे पाटे लागल्यावर गाडी साडेपाच इंच वर जाते.

पाटे उतरवलेलेच आहेत तर चासी बघून घ्यावी. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांचा पहिला घास म्हणजे मागच्या हँगरजवळचा (पाट्याचं टोक चासीला धरणाऱ्या कंसाजवळचा) बंद भाग. तिथे आत चिखल साचतो, तो ओला राहतो आणि लोखंड आतून जातं. बाहेरून रंग शाबूत दिसतो. लहान हातोडीने ठोकत जावं: चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द. शंका आली तिथे जाड स्क्रूड्रायव्हर दाबून बघायचा. हँगरच्या रिव्हेटभोवती केसासारखी चीर आहे का हे वायर ब्रशने रंग काढूनच कळतं. चीर असलेल्या हँगरवर जास्त कँबरचा कडक पाटा लावला तर चीर वाढणारच, त्यामुळे वेल्डिंगचं काम लिफ्टच्या आधी.

लिफ्टने काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे इथेच स्पष्ट असलेलं बरं. पाटे उंच केले की चासी, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी), बंपर, हौदा वर जातात. डिफरन्शियलचा गोळा जागचा हलत नाही, कारण तो अ‍ॅक्सलवर आहे आणि अ‍ॅक्सल टायरवर. गोळ्याखालची जागा फक्त टायरने वाढते, तीही व्यासात जेवढी वाढ होते त्याच्या निम्मी. 6.50-16 (टायरची रुंदी 6.50 इंच, रिम 16 इंच) काढून 7.00-16 घातला तर व्यास साधारण इंचभर वाढतो, गोळ्याखाली अर्धा इंच मिळतो. 7.50-16 वर गेलं तर 6.50 च्या तुलनेत व्यास सुमारे 7 टक्के वाढतो: स्पीडोमीटर 60 दाखवत असताना गाडी 64 वर असते, पहिला गिअर तेवढा लांब होतो, आणि ड्रम ब्रेकला तेवढ्याच जोराने थांबवायला जास्त दाबावं लागतं. घाटात भरलेली पिकअप उतरवताना हा फरक पायाला जाणवतो. कर्जत-मुरबाडकडची शेतातली वाट, पावसाळ्यातले ओढे आणि मुंबईतले खड्डे एवढाच वापर असेल तर 7.00-16 पुरतो. आम्ही तोच धरला. त्याला मूळ उंचीच्या वर दीड ते दोन इंच एवढीच जागा लागते. टायर आधी ठरला म्हणून इंच आपोआप ठरले.

आता हे दोन इंच आणायचे कसे? बाजारात पाच वाटा सांगितल्या जातात.

लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी, ही सगळ्यात स्वस्त. शॅकल जेवढी लांब करू त्याच्या निम्मीच उंची अ‍ॅक्सलपाशी मिळते, म्हणजे दोन इंचांसाठी चार इंच लांब शॅकल. एवढी लांब शॅकल वळणावर बाजूला झोलते. आणि पुढच्या पाट्याची शॅकल जर पुढच्या टोकाला असेल, जशी जीपच्या घराण्यात असते, तर लांब शॅकल पाट्याचं पुढचं टोक खाली ढकलते, अ‍ॅक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर (चाक ज्या खुंटीवर वळतं तिचा मागे असलेला कल) कमी होतो. या गाड्यांना कॅस्टर मुळात 3 अंशांच्या आसपास. त्यातला दीड-दोन अंश गेला की वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येत नाही, आणि खड्ड्यावरून गेल्यावर पुढची चाकं थडथडायला लागतात. पुढे लांब शॅकल लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ठोकळा, म्हणजे पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यात घालायचा ब्लॉक, फक्त मागे चालतो आणि तोही पाटा अ‍ॅक्सलच्या वर असेल तरच. पुढे कधीच नाही. ब्रेक मारताना अ‍ॅक्सल फिरायला बघतो, ठोकळा त्या पिळाला लांब दांडा देतो, यू बोल्ट ढिले पडतात आणि ठोकळा निसटला तर स्टीअरिंगचा अ‍ॅक्सलच जागचा जातो. एकावर एक दोन ठोकळे मागेही नकोत.

जादा पाटा घालणं बरं वाटतं, पण त्याचं गणित करून बघावं. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. 6 मि.मी. जाडीच्या सात पाट्यांच्या थप्पीत आणखी एक 6 चा घातला तर कडकपणा ढोबळ मानाने 14 टक्के वाढतो. त्याच जागी पाटेवाल्याकडे पडलेला 8 मि.मी.चा घातला तर 34 टक्के. दिसायला फरक दोन मिलिमीटरचा, पण रिकामी पिकअप बैलगाडीसारखी आदळायला लागते आणि हँगरच्या रिव्हेटवर मार बसतो. उंची हवी असेल तर जाडी वाढवायची नाही, कँबर वाढवायची.

जुनेच पाटे ठोकून त्यांना कँबर देणारे कारागीर वडाळा ट्रक टर्मिनल, कळंबोली या बाजूला भेटतात. थंड पाटा ठोकून वाकवला तर तो थोड्याच दिवसांत परत बसतो. गॅसने लाल करून वाकवला आणि तसाच हवेत थंड होऊ दिला तर त्याचं पाणीच उतरतं. तो पाटा राहत नाही, नुसती लोखंडाची पट्टी होते. नीट करायचं तर प्रत्येक पाटा भट्टीत 850 ते 900 अंशांपर्यंत तापवून आकार द्यायचा, तेलात विझवायचा आणि पुन्हा 450 ते 500 अंशांच्या आसपास टेंपर करायचा. हे सगळं करणारा कारागीर मिळाला तरी जुन्या पाट्यातले गंजाचे खड्डे तसेच राहतात, आणि पाटा तुटतो तो तिथूनच.

पाटा अ‍ॅक्सलच्या खालून काढून वर बसवणं ही पाचवी वाट. नळीची जाडी अधिक थप्पीची जाडी, असे एकदम पाच इंच वगैरे मिळतात. त्यासाठी अ‍ॅक्सलवर नव्या बैठकी वेल्ड कराव्या लागतात, स्टीअरिंगची ड्रॅग लिंक (स्टीअरिंग बॉक्सकडून चाकांकडे जाणारा दांडा) उंच घ्यावी लागते, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट बदलावे लागतात, आणि ब्रेक मारताना किंवा जोर लावताना पाटा एसच्या आकारात पिळतो तो वेगळाच. माल वाहणाऱ्या, रस्त्यावर चालणाऱ्या पिकअपसाठी ही वाट आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला ठेवली.

उरतं ते एकच: नव्या मापाचे पूर्ण पाटे बनवून घेणं.

त्याआधी कागदाची बाजू. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसी बुकातला तपशील आणि गाडीचं कंपनीने ठरवलेलं मूळ स्वरूप यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे कलम तसंच लागू असल्याचं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. बसलेले पाटे काढून मूळ कँबरचे घालणं ही दुरुस्ती झाली. त्यावरचे इंच आणि वेगळ्या मापाचे टायर हा बदल. म्हणून ताडदेव, वडाळा, अंधेरी, बोरिवली, जिथे गाडीची नोंद असेल त्या आरटीओत आधी विचारून, जे उत्तर मिळेल ते लेखी घ्यावं आणि विमा कंपनीलाही कळवावं. पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असेल आणि आठ वर्षांपेक्षा जुनी असेल तर फिटनेस तपासणी दरवर्षी असते, म्हणजे गाडी दरवर्षी तपासणाऱ्याच्या नजरेखालून जाणारच. आमची निवड मूळ मापाच्या जवळ राहिली, त्यात हाही विचार होता. शिवाय सोसायटीतलं तळघर. अनेक ठिकाणी तोंडाशी 2.1 मीटरची पाटी असते. टपावर कॅरिअर असलेली पिकअप तिथे आधीच काठावर असते.

पाटेवाल्याकडे जाताना "दोन इंच वर द्या" एवढंच सांगितलं तर तो मोकळ्या पाट्याला दोन इंच जास्त कँबर देतो, आणि गाडीखाली लागल्यावर काय होईल ते नशिबावर. त्याला वजन द्यावं लागतं. आम्ही गाडी वजनकाट्यावर नेली: आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची, नेहमीच्या मालासह. पुढच्या अ‍ॅक्सलवर 800 किलो भरले असं धरू. त्यातून अ‍ॅक्सल, चाकं, टायर, ड्रम यांचं वजन, समजा 200 किलो, वजा करायचं, कारण ते पाट्यावर नसतं. उरले 600, म्हणजे एका पाट्यावर 300. पाट्याचा कडकपणा मिलिमीटरला 4 किलो असेल तर 300 किलोखाली तो 75 मि.मी. बसेल. गाडीखाली लागल्यावर 50 मि.मी. कँबर उरायला हवी असेल तर मोकळा पाटा 125 मि.मी. कँबरचा बनवायचा. हे एवढं गणित वहीच्या पानावर लिहून दिलं की चांगला कारागीर खूश होतो आणि काम अंदाजाने होत नाही. पोलाद ईएन 45 किंवा एसयूपी 9 हवं. मेन पाट्याच्या बुशाभोवती दुसऱ्या पाट्याचं टोकही वळवून घ्यावं; मेन पाटा बुशाजवळ तुटला तर अ‍ॅक्सल तो दुसरा धरून ठेवतो. थप्पी तयार झाल्यावर प्रेसवर पूर्ण सपाट दाबून सोडायला सांगावं, म्हणजे सुरुवातीची बसकण तिथेच होऊन जाते. मागच्या थप्पीखालचा सपाट हेल्पर पाटा मूळ जाडीचाच ठेवावा. उंची वाढली म्हणून माल वाहण्याची क्षमता वाढत नाही.

थप्पी बांधायच्या आधी प्रत्येक पाटा सुटा रंगवून घेतला. आधी झिंकचा प्रायमर, मग काळा रंग, आणि एकमेकांवर घासणाऱ्या बाजूंना ग्रॅफाइटचं ग्रीस. जुनं इंजिन ऑइल ओतायची सवय बऱ्याच गॅरेजमध्ये आहे. त्याला धूळ चिकटते आणि तिची कानस होते.

बसवताना काही गोष्टींत घाई चालत नाही. सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसलं पाहिजे. ते कडेवर राहिलं तर यू बोल्ट आवळले जातात, सगळं बरोबर वाटतं, पण अ‍ॅक्सल तिरका बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. आवळून झाल्यावर पुढच्या आणि मागच्या हबमधलं अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजावं. दोन्ही सारखं यायला हवं. यू बोल्ट नवेच घ्यावेत. जुन्यांच्या आट्या एकदा ताणलेल्या असतात, पुन्हा तेवढा ताण धरत नाहीत. नागदेवी स्ट्रीटला हाय टेन्साइल नट-वॉशर सहज मिळतात. बोल्टला साधा नट लावून पैसे वाचवू नयेत. अर्धा इंच जाडीच्या यू बोल्टला आम्ही 65 फूट-पाउंड देतो, कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात असं तिरपं जात, तीन-चार फेऱ्यांत. रबरी बुश असलेले शॅकलचे आणि हँगरचे बोल्ट मात्र गाडी जॅकवर असताना आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडी दोनदा दाबून, पूर्ण वजनाखाली आवळायचे. जॅकवर आवळले तर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि लवकर फाटतो. अगदी जुन्या गाड्यांत आट्यांच्या बुशांची यू-शॅकल असते. त्यातल्या काहींच्या आट्या उलट्या असतात, तेव्हा जोर लावण्याआधी बघून घ्यावं.

शॉकअपची लांबी कॅटलॉगवरून घेऊ नये. अ‍ॅक्सल बंप स्टॉपला टेकवून वरच्या आणि खालच्या पिनांमधलं अंतर मोजायचं, मग चासी उचलून अ‍ॅक्सल पूर्ण लोंबकळू देऊन पुन्हा मोजायचं. शॉकअप मिटल्यावर पहिल्या मापापेक्षा इंचभर आखूड आणि ताणल्यावर दुसऱ्या मापापेक्षा थोडा लांब असला पाहिजे. नाही तर खड्ड्यात शॉकअपच बंप स्टॉपचं काम करतो आणि पिन उखडते. अ‍ॅक्सल लोंबकळत असतानाच ब्रेकचे रबरी होज बघावेत: ढिले असायला हवेत, तारेसारखे ताणलेले नकोत. ताण असेल तर लांब होज बनवून घ्यावा. जुना होज ओढून भागवायची जागा ही नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो प्रोपेलर शाफ्टवर. दोन इंचांनी 50 इंच लांब मागच्या शाफ्टचा कोन साधारण सव्वादोन अंशांनी वाढतो, आणि 30 इंचांच्या पुढच्या शाफ्टचा जवळजवळ चार अंशांनी. मागे पहिल्याच फेरीत 55 च्या आसपास घरघर जाणवली, वेग वाढवला की थोडी कमी व्हायची. क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे सांधे) नवे होते, शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत होते. कोनमापक लावून बघितलं तर ट्रान्सफर केसकडचा कोन आणि डिफरन्शियलकडचा कोन यांत तीन अंशांचा फरक होता. दोन्ही कोन एका अंशाच्या आत सारखे हवेत, तेव्हाच एका क्रॉसची धडधड दुसरा क्रॉस खाऊन टाकतो. डिफरन्शियलचं तोंड तीन अंश वर करणारी पोलादी पाचर घातली आणि घरघर गेली. पाचरीची दिशा लक्षात ठेवण्यासारखी आहे: पाटा अ‍ॅक्सलच्या खाली असेल तर जाड बाजू पुढे, वर असेल तर जाड बाजू मागे. अ‍ॅल्युमिनियमची पाचर घेऊ नये, यू बोल्टच्या दाबाखाली ती चेपते.

पुढच्या बाजूला पेच वेगळा. तिथे डिफरन्शियलचं तोंड वर केलं की कॅस्टर कमी होतो, कारण नकलची (चाक वळवणाऱ्या भागाची) बैठक आणि नळी एकच तुकडा आहे. दोन्ही एकाच वेळी साधत नाही. आम्ही कॅस्टरला मान दिला. पुढचा शाफ्ट फोर व्हील लावल्यावर, सावकाश चालतानाच ताणाखाली फिरतो. फ्री व्हील हब असतील तर एरवी फिरतही नाही. कॅस्टर मात्र प्रत्येक किलोमीटरला लागतो. शाफ्टच्या स्लाइडिंग जोडाची स्प्लाइन अ‍ॅक्सल पूर्ण लोंबकळला तरी किमान दीड इंच आत राहते, एवढं पाहिलं. उंचीमुळे शाफ्टला अर्ध्या इंचाच्या आसपास जास्त लांबी लागते, ती जोडातच मिळाली.

ड्रॅग लिंक तिरपी झाली की स्टीअरिंगचं चाक मध्यावरून सरकतं. चाकावरची पट्टी सरळ दिसावी म्हणून स्टीअरिंग व्हील काढून फिरवून बसवू नये. लिंकची लांबी अ‍ॅडजस्ट करावी, म्हणजे बॉक्स मध्यावर राहतो आणि दोन्हीकडे वळण सारखं मिळतं. दोन इंचांपर्यंत पिटमन आर्म (ड्रॅग लिंक हलवणारा बॉक्सचा हात) बदलावा लागला नाही. नंतर एक पुढचं चाक रॅम्पवर चढवून, स्टीअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवून टायर मडगार्डला, पाट्याला किंवा शॉकअपला लागतो का ते बघितलं. उजवीकडे पाट्याशी बोटभर फट उरली, म्हणून नकलवरचा स्टॉप बोल्ट एक आटा बाहेर काढला. टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा पुढून किंचित आत असलेला रोख, शेवटी, कारण आधी केलेलं प्रत्येक काम त्याला हलवतं.

हेडलाइट वर गेले होते, ते गाडी भिंतीसमोर उभी करून खाली आणले. पहिल्या 100 किलोमीटरला आणि पुन्हा 500 ला यू बोल्ट टॉर्क रेंचने तपासले; दोन्ही वेळा नट थोडे फिरले. रंगाचा थर दबतो, पाटे एकमेकांवर बसतात, तेव्हा हे होणारच, आणि म्हणूनच ही तपासणी टाळू नये. पाऊस ओसरल्यावर थप्पीच्या बाजूंना तांबूस रेघ दिसते का ते बघायचं. दिसली तर चासी जॅकवर घेऊन पाटे मोकळे करायचे, फटीत पातळ पट्टीने ग्रॅफाइट ग्रीस सारायचं, आणि चारही कोपऱ्यांची उंची पुन्हा त्याच जागी, नळीच्या माथ्यापासून चासीपर्यंत, मोजून पहिल्या आकड्यांशेजारी लिहून ठेवायची.